फोटो ‘धुतला’ म्हणजे काय? विरून गेलेल्या सात हजार चित्रांची गोष्ट

१/ डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी मराठी घरांत एक वाक्य सहज कानावर पडे: “रोल धुवायला टाकला आहे.” लग्न असो, मुंज असो की सहल, छत्तीस फोटोंचा रोल संपला की तो स्टुडिओत जाई आणि काही दिवसांनी पाकिटातून फोटो घरी येत. इंग्रजीत या क्रियेला ‘डेव्हलप’ करणे म्हणतात, म्हणजे दडलेले चित्र उलगडणे. मराठीने उलगडण्याचा भाग सोडून दिला आणि नेमके धुण्यावर बोट ठेवले. छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळला, तर हा शब्द किती अचूक आहे ते कळते. त्या काळातील सर्वांत मोठी नामुष्की धुण्यातच झाली होती. हा धागा तिच्याविषयी आहे.

२/ ज्यांनी डार्करूम पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. फिल्म किंवा कागदावर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाश पडला की त्या क्षारांत बदल होतो. डेव्हलपर नावाचे द्रावण प्रकाश लागलेल्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करते आणि चित्र दिसू लागते. पण प्रकाश न लागलेले क्षार थरात तसेच शिल्लक असतात. हा कागद उजेडात आणला, तर तेही काळवंडतील आणि चित्र अंधारात बुडेल. म्हणून ते विरघळवून काढावे लागतात. या पायरीला फिक्सिंग म्हणतात आणि त्यासाठी जे द्रावण लागते, त्याला जगभरच्या डार्करूममध्ये ‘हायपो’ हे एकच नाव आहे. आजच्या रसायनशास्त्रात तोच सोडियम थायोसल्फेट.

३/ हायपो चित्राला वाचवतो आणि काम संपल्यावर कागदात राहिला तर त्याच चित्राचा घात करतो. हा घात दोन प्रकारे होतो. एकच द्रावण पुन्हा पुन्हा वापरले की त्याची ताकद संपते. मग चांदीचे क्षार पूर्ण विरघळत नाहीत आणि कालांतराने कागदावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. द्रावण ताजे असले, तरी नंतर कागद पुरेसा धुतला नाही, तर तंतूंत अडकलेला हायपो हळूहळू विघटित होतो. त्यातला गंधक चित्रातल्या चांदीशी संयोग पावतो. काळी चांदी पिवळट पडते आणि चित्र विरू लागते. दमट हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते.

४/ हायपोचा हा गुणधर्म फोटोग्राफीच्या जन्माआधीच माहीत झाला होता. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवले होते की, पाण्यात न विरघळणारे चांदीचे क्षार या द्रावणात विरघळतात. तयार होणारे द्रावण चवीला अतिशय गोड लागते, हेही त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा या शोधाचा कोणाला काही उपयोग नव्हता. वीस वर्षे तो कागदोपत्री पडून राहिला. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून दागेर यांच्या शोधाची वार्ता आली आणि हर्शेल यांना आपली जुनी नोंद आठवली. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी स्वतः काढलेले चित्र हायपोने टिकवून दाखवले.

५/ त्याच वेळी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे विल्टशरमधील लेकॉक अ‍ॅबी या आपल्या वाड्यात कागदावर चित्रे घेत होते. ती टिकवण्यासाठी ते मिठाचे तीव्र द्रावण वापरत. मिठाने उरलेले क्षार मंद होत, पण कागदातच राहत. १ फेब्रुवारी १८३९ रोजी टॅल्बट हर्शेल यांच्या स्लाऊ येथील घरी गेले आणि हायपोची कृती शिकून आले. गंमत अशी की, टॅल्बट आपल्या मिठाच्या पद्धतीला ‘फिक्स करणे’ म्हणत, तर हर्शेल आपल्या पद्धतीसाठी ‘धुऊन काढणे’ या अर्थाचे शब्द वापरत. पुढे रूढ झाला तो पहिला शब्द. मराठीने नकळत दुसरा उचलला.

६/ आता या कथेतील मुख्य माणूस. निकोलास हेनेमन हे मूळचे डच. ते टॅल्बट यांच्याकडे खासगी सेवक होते. कपडे, सामान, प्रवास सांभाळता सांभाळता ते कागदाला मीठ आणि चांदीचे द्रावण लावू लागले, चौकटी उन्हात मांडू लागले, द्रावणे बदलू लागले. टॅल्बट यांच्या अनेक सुरुवातीच्या चित्रांत तेच उभे आहेत, कारण हाताशी असलेला आणि सांगितल्याबरोबर स्तब्ध राहणारा माणूस तोच होता. कल्पना टॅल्बट यांची आणि बादल्या हेनेमन यांच्या, अशी ही विभागणी होती.

७/ १८४४ च्या सुरुवातीस हेनेमन यांनी नोकरी सोडून रेडिंग या गावी स्वतःचा कारखाना थाटला. पैसा आणि पाठबळ टॅल्बट यांचे होते. लेकॉक आणि लंडन यांच्या साधारण मधोमध, रेल्वेच्या मार्गावर असलेले हे ठिकाण सोयीचे होते. निगेटिव्हवरून कागदी प्रिंट मोठ्या संख्येने काढून विकणारा हा जगातील पहिल्या कारखान्यांपैकी एक. तोपर्यंत छायाचित्र ही हौशी माणसाच्या टेबलावरची किमया होती. रेडिंगमध्ये ती प्रथमच माल झाली. माल म्हटला की संख्या आली, मुदत आली, मजूर आले आणि प्रत्येक नग सारखाच उतरला पाहिजे ही अपेक्षाही आली.

८/ या कारखान्याचे १८४६ चे एक प्रसिद्ध दृश्य दोन प्रिंट शेजारी शेजारी जोडून पाहायचे असते. त्यात अंगणात कॅमेरे लावलेले आहेत, कोणी समोर बसलेल्या व्यक्तीचे चित्र घेत आहे, कोणी एका शिल्पाचे. एकीकडे मांडणीवर प्रिंटच्या चौकटी उन्हाला लावल्या आहेत. सगळे काम सूर्यप्रकाशात चाललेले दिसते. अर्थात तेव्हाच्या कॅमेऱ्याला उजेडातलेच टिपता येई. हायपोचे टब, धुण्याची भांडी आणि ओले हात घरात होते. ते या दृश्यात नाहीत. ज्या कामावर साऱ्या कारखान्याचे भवितव्य ठरायचे होते, ते त्याच्या स्वतःच्या चित्रात आलेले नाही.

९/ रेडिंगच्या कामाचा मोठा भाग होता ‘द पेन्सिल ऑफ नेचर’. टॅल्बट यांचे हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाले. त्यात २४ चित्रे होती आणि ती छापलेली नव्हती. प्रत्येक प्रतीतले प्रत्येक चित्र म्हणजे उन्हात काढलेला, फिक्स केलेला, धुतलेला, वाळवलेला आणि हाताने चिकटवलेला स्वतंत्र प्रिंट. ही खोदकामावरून छापलेली चित्रे नसून केवळ प्रकाशाने उमटलेली आहेत, अशी सूचनाही वाचकांसाठी जोडावी लागली. आज एखाद्या पुस्तकाच्या हजार प्रती म्हटल्या की एकच गोष्ट हजारदा डोळ्यांसमोर येते. येथे प्रत्येक प्रत ही नवी कसोटी होती.

१०/ मग १८४६ चा जून उजाडला. ‘द आर्ट-युनियन’ या लंडनच्या कलाविषयक नियतकालिकाने त्या महिन्याच्या अंकात टॅल्बट यांच्या पद्धतीवर लेख देण्याचे ठरवले आणि प्रत्येक प्रतीत एक खरेखुरे छायाचित्र चिकटवायचे ठरले. त्यासाठी सुमारे ७,००० प्रिंट हवे होते. एका निगेटिव्हवरून इतके काढणे अशक्य होते, म्हणून वेगवेगळ्या निगेटिव्हवरून वेगवेगळी दृश्ये काढली गेली. कोणाच्या अंकात एक इमारत आली, तर कोणाच्या अंकात दुसरी. छायाचित्राला याहून मोठी जाहिरात तोवर मिळाली नव्हती. हजारो घरांत अनेकांनी आयुष्यात प्रथमच कागदावरचे छायाचित्र हातात धरले.

११/ आणि ती चित्रे विरू लागली. काळ्याचा पिवळा झाला, कडा फिकटल्या, तपशील हरवले. विरण्याचाही एक क्रम असतो. चित्राच्या उजळ भागांत चांदी सर्वांत कमी, म्हणून तेथील तपशील आधी जातो. एखाद्या माणसाच्या चित्रात गडद कोट बराच काळ टिकतो, पण गोरा चेहरा लवकर सपाट होतो. ‘आर्ट-युनियन’च्या ज्या प्रती आज ग्रंथालयांत आहेत, त्यांतल्या बहुतेक चित्रांची अवस्था केविलवाणी आहे. शेजारच्या पानावर शाईने छापलेला, नव्या शोधाची थोरवी सांगणारा मजकूर मात्र स्वच्छ वाचता येतो.

१२/ १८४७ मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने दिवसेंदिवस नाहीशा होत जाणाऱ्या फोटोवर विनोदी कविता छापली. त्याच वर्षाच्या सुरुवातीस रेडिंगचा कारखाना बंद झाला. हेनेमन लंडनला गेले. विल्यम स्टर्लिंग यांच्या स्पॅनिश चित्रकारांवरील ग्रंथासाठी त्यांनी ६६ चित्रांचा एक खंड तयार केला. छायाचित्रांनी सजलेले कलेतिहासाचे हे पहिले पुस्तक, आणि त्याच्या केवळ ५० प्रती निघाल्या. काम थोडे, मुदत पुरेशी. तरीही त्यातली अनेक चित्रे विरली. म्हणजे घाई हे एक कारण होते, पण एकमेव नव्हते. पुरेसे धुणे म्हणजे किती, हेच नीट कोणाला ठाऊक नव्हते.

१३/ दोष ओळखता का आला नाही, हा या कथेतला खरा प्रश्न आहे. सुताराने केलेल्या खुर्चीचा पाय आखूड असेल, तर ती त्याच दिवशी डुगडुगते. भाकरी करपली तर तव्यावरच वास येतो. अपुरा धुतलेला प्रिंट मात्र कारखान्यातून बाहेर पडताना चांगल्या प्रिंटइतकाच देखणा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तरबेज डोळ्यालाही फरक सांगता येत नाही. तो फरक महिन्यांनी, कधी वर्षांनी उघड होतो; तोवर माल विकलेला असतो, कामगार पांगलेले असतात आणि कोणत्या दिवशी कोणत्या टबातले पाणी बदलायचे राहून गेले, ते कोणालाच सांगता येत नाही. तपासणीची नेहमीची रीत, म्हणजे माल समोर धरून पाहणे, येथे निरुपयोगी होती.

१४/ तर मग त्या काळी टिकाऊ प्रिंट अशक्यच होता का? उत्तर फ्रान्समध्ये मिळते. लुई-देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी १८५१ मध्ये लील शहराजवळ लूस येथे प्रिंट काढण्याचा कारखाना सुरू केला. काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. चित्र पूर्णपणे उन्हावर उमटवण्याऐवजी थोडा प्रकाश देऊन ते द्रावणात उलगडण्याची पद्धत त्यांनी वापरली. त्यामुळे ढगाळ दिवशीही काम थांबत नसे. फिक्सिंग आणि धुणे यांच्या प्रत्येक पायरीवर त्यांची कडक नजर असे. १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माक्सिम द्यू कां यांच्या इजिप्त, नुबिया, पॅलेस्टाईन आणि सीरियावरील ग्रंथातील १२५ चित्रे याच कारखान्यात निघाली.

१५/ त्या ग्रंथाच्या ज्या प्रती आज पाहायला मिळतात, त्यांतील चित्रे करड्या छटेची, शांत आणि पुष्कळशी शाबूत आहेत. चांदी तीच, हायपो तोच, कागदही साधारण त्याच प्रकारचा. काही वर्षांच्या अंतराने दोन कारखान्यांनी केलेल्या कामात एवढा फरक पडला, त्यात पद्धतीचा वाटा होता आणि शिस्तीचाही. धुणाऱ्या स्त्रियांची नावे त्या ग्रंथावर नाहीत. पण अबू सिम्बेलचे वाळूत अर्धे बुडालेले पुतळे आज ज्या रूपात दिसतात, त्यामागे त्यांचे भिजलेले हात आहेत.

१६/ लंडनमध्ये अस्वस्थता वाढत होती. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या तेथील फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये एक समिती नेमली. विषय एकच: कागदावरील चित्रे विरतात का आणि कशाने? राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी या कामासाठी ५० पौंड दिले. रसायनशास्त्राचे अध्यापक हार्डविच, छायाचित्रकार डेलामोट, मनोरुग्णांची छायाचित्रे घेणारे डॉक्टर डायमंड अशी माणसे समितीत होती. थॉमस मलोनही होते. ते एकेकाळी हेनेमन यांचे भागीदार होते, म्हणजे विरणारे प्रिंट त्यांनी अगदी जवळून पाहिलेले होते. इतिहासात ही मंडळी ‘फेडिंग कमिटी’ म्हणून ओळखली जाते.

१७/ समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपला अहवाल मांडला. त्यातली पहिली गोष्ट दिलासा देणारी होती: दहा वर्षांपूर्वीची काही चित्रे अजून जशीच्या तशी आहेत, म्हणजे विरणे हा छायाचित्राचा अटळ स्वभाव नाही. दुसरी गोष्ट झोंबणारी होती: विरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपुऱ्या धुण्यामुळे कागदात राहिलेला हायपो. त्याखेरीज ओलावा आणि शहराच्या हवेतील गंधकयुक्त वायू यांचाही दोष होता. समितीने गरम पाण्याने धुणे अधिक परिणामकारक ठरवले आणि चित्राला सोन्याच्या क्षारांचा हात देण्याची शिफारस केली. दोष शोधून, कारणे वेगळी करून, कृतीत बदल सुचवणारा फोटोग्राफीतला हा पहिला मोठा सामूहिक प्रयत्न होता.

१८/ हा प्रश्न लंडनपुरता राहिला नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेतील जाणकार छायाचित्रकारांपैकी एक. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही मालिका निघाली. तिच्यातही खरे प्रिंट चिकटवलेले असत, म्हणजे रेडिंगचीच परीक्षा पुन्हा, आणि तीही दमट हवेत. ओलाव्याने विरणे वाढते हे समितीने सांगितलेच होते. मुंबईच्या पावसाळ्याला ते वेगळे सांगण्याची गरज नव्हती. त्या काळातील मुंबईच्या माणसांचे चेहरे आज ज्या प्रिंटवर शिल्लक आहेत, त्यांपैकी प्रत्येकाला कोणीतरी पुरेसे पाणी दाखवलेले आहे.

१९/ धुण्याचा प्रश्न असा मार्गी लागत असताना डार्करूमचे दुसरे दुखणे तसेच होते. निगेटिव्ह डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायची? उत्तर अनुभवाचे होते. लाल दिव्याखाली काच वर उचलायची, डोळ्याने पाहायचे आणि पुरे झाले असे वाटले की बाहेर काढायची. ज्याचा डोळा चांगला त्याचे काम चांगले. इंग्लंडमधील विडनेस या रसायनांच्या कारखान्यांच्या गावी फर्डिनांड हर्टर हे रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड हे अभियंता यांना हे पटेना. कारखान्यात जे मोजता येते ते मोजायचेच, ही दोघांची सवय. त्यांनी तीच सवय डार्करूममध्ये नेली.

२०/ १८९० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निगेटिव्हवर किती काळेपणा आला, हे डोळ्याने अंदाजण्याऐवजी त्यांनी प्रकाश अडवण्याच्या क्षमतेने मोजले आणि प्रकाशाच्या मात्रेशी त्याचे नाते एका वक्ररेषेत मांडले. या रेषेचा खालचा भाग मंद चढतो, मधला सरळ जातो, वरचा वाकतो. डेव्हलपरमध्ये ठेवण्याचा वेळ बदलला की मधल्या भागाचा चढ बदलतो. म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती हवा, हे वेळेने ठरवता येते. ज्याला हाताचा गुण म्हटले जाई, त्यातला एक मोठा भाग आता आलेखाच्या कागदावर उतरला होता.

२१/ तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी एक व्यवहारी तोडगा काढला. द्रावणात चित्राची पहिली चाहूल किती सेकंदांनी लागते ते पाहायचे आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणायचे. तोच एकूण वेळ. चाहूल तीस सेकंदांनी लागली आणि गुणक दहा असेल, तर पाच मिनिटे. पुढे लाल रंगालाही संवेदनशील असलेल्या पॅनक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आल्या आणि लाल दिव्याची सोय संपली. लाल उजेडातही त्या खराब होत. आता पूर्ण अंधारात काम करायचे, म्हणजे पाहणे शक्यच नव्हते. घड्याळ आणि थर्मामीटर यांच्यावर विसंबण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

२२/ आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस सिनेमा बोलू लागला. ध्वनी फिल्मच्या कडेलाच काळ्या-करड्या पट्ट्यांच्या रूपात नोंदवला जाई. डेव्हलपिंग थोडे कमी-जास्त झाले, तर चित्रात ते एखाद्याच्या लक्षातही येत नसे, पण आवाज बिघडे. डोळ्याने माफ केलेली चूक कान माफ करीना. तेव्हापासून सिनेमाच्या प्रयोगशाळांत नियंत्रण-पट्टीला महत्त्व आले. ठरावीक मात्रांचा प्रकाश दिलेला फिल्मचा एक तुकडा रोजच्या कामाबरोबर धुवायचा, त्याचा काळेपणा यंत्राने मोजायचा आणि आलेखावर बिंदू टाकायचा. बिंदू ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर आधी द्रावण तपासायचे आणि मगच पुढचे काम घ्यायचे. दोष मालात उतरण्याआधीच तो पकडण्याची ही रीत.

२३/ रेडिंगच्या जुन्या प्रश्नालाही विसाव्या शतकात सोपी परीक्षा मिळाली. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर सिल्व्हर नायट्रेट आणि अ‍ॅसिटिक आम्ल यांच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचे. पिवळा-तपकिरी डाग उमटला, तर कागदात हायपो आहे. डाग जितका गडद, तितका तो जास्त. सोडियम सल्फाइडचा थेंब टाकला, तर न विरघळलेली चांदी उघडी पडते. वर्षांनी दिसणारा दोष काही मिनिटांत दिसू लागला. हेनेमन यांच्या टेबलावर असा एक थेंब असता, तर ‘आर्ट-युनियन’ची चित्रे बाहेर पडण्याआधीच अडवता आली असती.

२४/ मिठाशी या कथेचे नाते एकदा पुन्हा जुळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला असे आढळले की, समुद्राच्या पाण्यात धुतलेली फिल्म नंतर गोड्या पाण्यात थोडीशी खंगाळली, तरी नुसत्या गोड्या पाण्यापेक्षा लवकर स्वच्छ होते. पाण्यातले क्षार कागदात किंवा थरात अडकलेला हायपो सुटायला मदत करतात. यातूनच पुढे डार्करूममध्ये ‘हायपो क्लिअरिंग’ची द्रावणे आली आणि धुण्याचा वेळ व पाणी दोन्ही वाचू लागले. टॅल्बट यांनी १८३९ मध्ये ज्या मिठाचा आधार सोडला होता, ते शंभर वर्षांनी मागच्या दाराने डार्करूममध्ये परत आले.

२५/ हेनेमन यांचे पुढे काय झाले? लंडनमधला त्यांचा व्यवसाय १८५० च्या दशकाअखेर संपला. त्यानंतर त्यांना इतर छायाचित्रकारांच्या हाताखाली काम करावे लागले. १८९८ मध्ये ते वारले. तोवर हर्टर आणि ड्रिफिल्ड यांची वक्ररेषा प्रसिद्ध होऊन आठ वर्षे झाली होती. टॅल्बट यांना शोधकाचा मान मिळाला, तो योग्यच होता. पण विरलेल्या प्रिंटचा ठपका ठेवायचा म्हटला की बोट रेडिंगच्या टबांकडे वळते. तेथे काम करणाऱ्यांकडे ना मोजमाप होते, ना परीक्षा, ना पूर्वानुभव. जे ज्ञान जगात कोणाकडेच नव्हते, ते नसल्याची किंमत त्यांनी मोजली.

२६/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक धडा आहे. जुने छायाचित्र हाती आले की आपण त्यातील माणसे, पोशाख, रस्ते पाहतो आणि त्याला पुरावा म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकातली जी छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचली, ती त्या काळाचा सरळ नमुना नव्हेत. जेथे पाणी मुबलक होते, कामाला मुदत होती, हायपो ताजा घेण्याइतका पैसा होता, तेथील चेहरे जास्त टिकले. स्वस्तातला, घाईतला, उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीवर धुतलेला प्रिंट टिकण्याची शक्यता कमी होती. संग्रहात कोण दिसत नाही, हे विचारताना त्यांचे चित्र कधी काढलेच गेले नाही की ते काढूनही विरले, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

२७/ विरलेला फोटोही काही सांगत असतो. कडांकडून आत सरकणारा फिकटपणा बहुधा हवा आणि ओलाव्याकडे बोट दाखवतो. भर मध्यावरचे पिवळे-तपकिरी डाग थकलेल्या हायपोचे किंवा घाईघाईने धुतलेल्या जागेचे असू शकतात. कधी कधी चित्रामागच्या खळीचाच दोष पुढे उमटतो. दस्तऐवजाच्या शाईवरून आणि कागदावरून जसा अंदाज बांधतात, तसा या डागांवरूनही बांधता येतो: त्या दिवशी किती काम होते, किती पाणी होते, कोणाला घरी जायची घाई होती.

२८/ ज्या घरात जुने अल्बम आहेत, तेथे एखाद्या दुपारी ते उघडून पाहावेत. फोटो उन्हापासून आणि दमट भिंतीपासून दूर ठेवावेत, मागे कोणाचे नाव-गाव लिहिलेले असेल तर ते उतरवून घ्यावे. आणि पणजीचा चेहरा साठ-सत्तर वर्षांनीही स्पष्ट दिसत असेल, तर गावातल्या त्या स्टुडिओवाल्याचीही आठवण काढावी. चित्र उमटून झाले होते, पैसे ठरलेले होते, गिऱ्हाईक खूश होणारच होते. तरीही त्याने लाल दिव्याखालून प्रिंट बाहेर आणून आणखी एकदा पाणी बदलले. ते कोणी पाहत नव्हते.